लस, खांदा आणि नुकसानभरपाई

शाळेत लस टोचण्याचा दिवस ठरला, म्हणजे आरोग्य केंद्राकडून मुख्याध्यापकांना निरोप येतो. मुलांची यादी तयार ठेवावी, पालकांना कळवावे, एक हवेशीर खोली मोकळी करावी, हात धुण्यास पाणी व साबण ठेवावा, एवढ्या सूचना त्यात असतात. ठरल्या दिवशी परिचारिका येते, मुले रांगेने आत जातात व दंड चोळीत बाहेर येतात, यादीवर खुणा होतात, आणि मधल्या सुटीनंतर वर्ग पूर्ववत सुरू होतात. कोणाचा दंड दोन दिवस दुखतो, कोणाला रात्री अंगात कसकस वाटते. तिसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. फार मोठ्या बहुसंख्येच्या बाबतीत गोष्ट येथेच संपते. ज्या फार थोड्या माणसांच्या बाबतीत ती येथे संपत नाही, त्यांच्या एका विशिष्ट दुखण्याचा, आणि त्या दुखण्याबद्दल अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत भरपाई कशी मिळते याचा, येथे विचार करावयाचा आहे. विषय दूरदेशीचा वाटेल. परंतु त्या देशातील दावे ज्या बारीक गोष्टींवर तरतात किंवा बुडतात, त्या गोष्टी आपल्या शाळेच्या खोलीतही घडत असतात.

प्रथम दुखणे कोणते ते पाहू. लस टोचल्यावर दंडाचा स्नायू दुखणे ही स्वाभाविक गोष्ट होय. शरीर लशीला प्रतिसाद देत असल्याची ती खूण असते आणि दोन-तीन दिवसांत ती ओसरते. खांद्याची इजा याहून निराळी असते. तीत वेदना दंडाच्या मांसल भागात न राहता सांध्यात शिरते. ती बहुधा टोचल्याबरोबर किंवा त्याच रात्री सुरू होते. हात वर नेता येत नाही, पाठीमागे वळत नाही, त्या कुशीवर निजता येत नाही. आठवडे जातात, पण दुखणे कमी होत नाही. उलट दुखतो म्हणून हात हलविला जात नाही आणि हलविला जात नाही म्हणून खांदा आखडतो, असे चक्र सुरू होते. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला या दुखण्याची कल्पना वेगळी सांगण्याचे कारण नाही.

याचे कारण शरीररचनेत आहे. खांद्याच्या टोकाला बोटाने चाचपले असता एक कठीण हाड लागते. त्याच्या खालून दंडावर एक जाड त्रिकोणी स्नायू उतरतो. वैद्यक त्याला डेल्टॉइड म्हणते. मोठ्या माणसाच्या दंडात टोचावयाच्या बहुतेक लशी याच स्नायूच्या मध्यावर, जेथे तो सर्वांत जाड असतो तेथे, टोचावयाच्या असतात. या स्नायूच्या वरच्या भागाखाली, हाडाच्या आणि स्नायूच्या मध्ये, वंगणासारखा द्रव असलेली एक पातळ पिशवी असते. सांधा हलताना घर्षण होऊ नये, हे तिचे काम. ती खांद्याच्या टोकापासून काही सेंटीमीटर खाली पसरलेली असते. सुई फार वर टोचली गेली, किंवा कृश दंडात लांब सुई खोलवर गेली, तर लस स्नायूत न जाता या पिशवीत अथवा सांध्याच्या आवरणात पडते. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर असल्याने तेथे लस सहज पसरते व शोषली जाते. पिशवीत मात्र ती तुंबून राहते आणि शरीराचा जो प्रतिसाद दंडात दोन दिवसांत निवावा, तो सांध्याच्या नाजूक भागात दाह उत्पन्न करतो. येथे लशीत दोष नसतो. ती केवळ अर्धा-पाऊण इंच वर पडलेली असते.

ही चूक बहुधा घाईमुळे घडते, अज्ञानामुळे क्वचितच. लस घेणारा खुर्चीवर बसलेला आणि टोचणारा उभा असला, म्हणजे टोचणाऱ्याचा हात आपोआप वरच्या बाजूस जातो. बाही वर सारण्याऐवजी सदऱ्याची गळपट्टी खांद्यावरून खाली ओढली, म्हणजे खांद्याचा वरचा भाग तेवढा उघडा पडतो आणि दिसते तेथे सुई टोचली जाते. म्हणून टोचणारा व टोचून घेणारा दोघांनीही बसावे, दंड खांद्यापासून कोपरापर्यंत पूर्ण उघडा असावा, आणि खांद्याच्या हाडापासून दोन ते तीन बोटे खाली, पण काखेच्या पातळीच्या वर, जागा निश्चित करून सुई सरळ काटकोनात टोचावी, असा पाठ परिचारिकांना दिला जातो. पाठ सोपा आहे. शंभर जणांची रांग बाहेर उभी असताना तो प्रत्येक वेळी पाळणे तेवढे सोपे नाही.

लशीनंतर खांदा दुखावतो ही तक्रार पुष्कळ काळ कोणी गंभीरपणे घेतली नाही. वैद्यांच्या लेखी खांदा आखडणे हे उतारवयाचे सामान्य दुखणे, आणि लशीशी त्याचा संबंध म्हणजे योगायोग. सुमारे २००६-०७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली आणि डेल्टॉइडच्या वरच्या तृतीयांशात लस टोचू नये, असे तिच्या लेखकांनी सुचविले. २०१० मध्ये भरपाईसाठी आलेल्या अर्जांतून निवडलेल्या तेरा प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. जवळजवळ सर्वांची वेदना चोवीस तासांच्या आत सुरू झाली होती, निम्म्याहून अधिकांची तर तत्काळ. सुई फार वर टोचली गेली असे त्यांपैकी कित्येकांनी स्वतःच सांगितले होते. पुढे २०११ मध्ये तेथील राष्ट्रीय पातळीवरील वैद्यकीय संस्थेच्या समितीने लशींच्या दुष्परिणामांचा मोठा आढावा घेतला. अनेक तक्रारींच्या बाबतीत पुरावा अपुरा असल्याचे तिने नमूद केले, परंतु सुई टोचल्यामुळे खांद्याच्या पिशवीला दाह होऊ शकतो, ही गोष्ट तिने पटण्याजोग्या पुराव्याने सिद्ध मानली. ज्यांना वर्षानुवर्षे "लशीने असे काही होत नाही" हे ऐकावे लागले होते, त्यांच्या दृष्टीने या एका वाक्याचे मोल केवढे असेल, हे सांगावयास नको.

आता भरपाईच्या कायद्याकडे वळू. त्याचा उगम खांद्यात नाही. १९८० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत डांग्या खोकला, घटसर्प व धनुर्वात यांच्या त्रिगुणी लशीविरुद्ध मोठे काहूर उठले आणि लस बनविणाऱ्या कारखान्यांवर दाव्यांमागून दावे दाखल होऊ लागले. कारखानदार एकेक करून धंदा सोडू लागले, लशींच्या किमती चढल्या, आणि मुलांना लस मिळेल की नाही अशी परिस्थिती निर्माण झाली. दुसरीकडे ज्या कुटुंबांतील मुलाला खरोखर इजा झाली असेल, त्यांनाही वर्षानुवर्षे न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागत आणि शेवटी हाती काय पडेल याची शाश्वती नसे. या दोन्ही अडचणींवर तोडगा म्हणून १९८६ मध्ये तेथील संसदेने बालकांच्या लशीपासून होणाऱ्या इजेविषयीचा राष्ट्रीय कायदा मंजूर केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाईची योजना सुरू झाली. जगात अशी व्यवस्था प्रथमच झाली असे मात्र नव्हे. जर्मनीने १९६१ मध्येच ती सुरू केली होती, आणि ब्रिटनने १९७९ मध्ये आपला कायदा केला.

या योजनेचे मर्म असे की, अर्जदाराला कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. परिचारिका चुकली काय, कारखान्याने हयगय केली काय, हा प्रश्नच तेथे उपस्थित होत नाही. लशीमुळे इजा झाली, एवढेच दाखवावयाचे असते. प्रतिवादी म्हणून कारखानदार किंवा परिचारिका उभी राहत नाही. प्रतिवादी असतात संघराज्याच्या आरोग्य व मानवसेवा खात्याचे मंत्री, आणि त्यांच्या वतीने न्यायखात्याचे वकील काम पाहतात. अर्ज वॉशिंग्टन येथील संघराज्य दावे न्यायालयात करावा लागतो आणि त्याची सुनावणी खास नेमलेल्या विशेष न्यायाधिकाऱ्यांपुढे होते. तेथे ज्यूरी नसते. पैसा कोठून येतो, हेही पाहण्यासारखे आहे. योजनेत समाविष्ट असलेल्या लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते त्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट, असा कर बसविलेला आहे. गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्र लस घेतली की तीन रोगांचे मिळून सव्वादोन डॉलर निधीत जमा होतात. लशीपासून ज्यांचा लाभ झाला त्या सर्वांनी थोडे थोडे घालून, ज्या एखाद्याला इजा झाली त्याचे ओझे उचलावे, अशी ही योजना आहे. गावात एखाद्याचा गोठा जळाला म्हणजे घरटी पेंढ्या गोळा करतात, त्यातील तत्त्व यापेक्षा निराळे नसते.

कायद्याबरोबर एक कोष्टक जोडलेले आहे. त्यात कोणत्या लशीनंतर कोणती इजा किती काळात दिसली, तर ती लशीमुळेच झाली असे गृहीत धरावयाचे, हे लिहिलेले असते. इजा कोष्टकात असेल तर अर्जदाराचे काम हलके होते. कोष्टकात नसेल तर तज्ज्ञ वैद्य आणून कार्यकारणसंबंध स्वतः सिद्ध करावा लागतो. खांद्याची इजा या कोष्टकात २१ मार्च २०१७ रोजी दाखल झाली. त्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. ज्याने प्रस्तुत लक्षणांचा उलगडा होईल असे त्या खांद्याचे पूर्वीचे दुखणे नसावे. वेदना लस टोचल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी. वेदना व हालचालीतील अडचण ज्या खांद्यात लस टोचली त्याच खांद्यापुरती असावी. आणि मानेतील नस दबणे यांसारखे दुसरे कारण तपासणीत आढळलेले नसावे. याशिवाय इजेचे परिणाम सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेले असले पाहिजेत, अथवा रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागलेली असली पाहिजे. अर्ज पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. लस टोचल्याच्या दिवसापासून किंवा वैद्याने रोगाचे नाव सांगितल्यापासून ही मुदत मोजीत नाहीत, आणि या गैरसमजापायी मुदत टळलेले अर्जही झालेले आहेत.

वाचताना चार गोष्टी साध्या वाटतात. व्यवहारात त्या किती अवघड होतात, ते पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अमेरिकेतील एका लहान गावातील प्राथमिक शिक्षिका ऑक्टोबर महिन्यात औषधाच्या दुकानात जाऊन इन्फ्लुएन्झाची लस घेते. तेथे दुकानातील औषधनिर्माताच लस टोचतो. लस डाव्या दंडात दिली जाते. त्याच रात्री डावा खांदा ठणकू लागतो. लस म्हटली की दुखणारच, असे समजून ती काही करीत नाही. पुढे शाळेतील परीक्षा येतात, नाताळची सुटी येते. हात वर जात नाही, पण वैद्याकडे जाण्यास सवड नाही. डिसेंबरच्या अखेरीस ती दुसऱ्याच एका कारणाने वैद्याकडे जाते आणि जाता जाता खांद्याचा उल्लेख करते. वैद्य कागदावर लिहितो : "गेले काही आठवडे डावा खांदा दुखतो." लशीचे नाव त्यात येत नाही. जानेवारीत फिजिओथेरपी सुरू होते. तेथील नोंदीत प्रथमच लशीचा उल्लेख येतो, पण दुखणे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू झाले, असे घाईत लिहिले जाते. वर्षभराने तिला कायद्याची माहिती कळते व ती अर्ज करते.

आता तिच्या हाती काय आहे? तिचा स्वतःचा शब्द आहे की वेदना त्याच रात्री सुरू झाली. आणि तिच्याविरुद्ध दोन कागद आहेत. एक मोघम, दुसरा चुकीचा. सरकारी वकील साहजिकच विचारतो की, ४८ तासांत वेदना सुरू झाली असती तर दहा आठवडे ही बाई वैद्याकडे गेली का नाही? या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते कोणत्याही कष्टाळू माणसाला समजते. दुखणे अंगावर काढण्याची सवय हीच ते उत्तर. परंतु ते उत्तर सिद्ध करावे लागते. दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला पाठविलेला संदेश, शेजारच्या वर्गातील शिक्षिकेने दिलेले शपथपत्र, त्या आठवड्यात रजा मागण्यासाठी लिहिलेला अर्ज, अशा बारीकसारीक कागदांना येथे मोल येते.

कायदा या बाबतीत एकाच वेळी कठोर आणि दयाळू आहे. केवळ अर्जदाराच्या सांगण्यावर, वैद्यकीय नोंद किंवा वैद्यकीय मत यांचा आधार नसताना, भरपाई देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु पहिले लक्षण केव्हा सुरू झाले याची नोंद झालेली नसेल किंवा चुकीची झालेली असेल, तरीही एकंदर पुराव्यावरून ते ठरलेल्या मुदतीत सुरू झाले असा निष्कर्ष विशेष न्यायाधिकाऱ्याला काढता येतो, हीही मुभा त्यातच आहे. आजारी माणूस वैद्यापुढे बोलताना तारखा मोजीत बसत नाही, हे ज्याने कायदा लिहिला त्याच्या ध्यानात होते, असे म्हणावे लागते.

आणखी एक वाद वरचेवर निघतो. लस कोणत्या दंडात दिली, हाच तो वाद. अर्जदार डावा म्हणतो, दुकानाच्या कागदावर उजवा लिहिलेला असतो. अर्जदार खोटे बोलतो असे वरकरणी वाटते. परंतु या दाव्यांत हे पुन्हा पुन्हा पुढे आले आहे की, संगणकावरील नोंदीत दंडाचा रकाना कधी आपोआप भरला जातो, तर कधी लस टोचण्याच्या आधीच भरून ठेवलेला असतो, आणि टोचणारा तो बदलण्याची तसदी घेत नाही. पुढील सर्व वैद्यांनी सुरुवातीपासून डाव्याच खांद्यावर उपचार केले असतील, तर विशेष न्यायाधिकारी त्या नोंदींना अधिक वजन देतात. एका रकान्यात निष्काळजीपणे पडलेली खूण दुसऱ्याच्या हातावरील हक्कावर कशी आघात करते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. हजेरीपत्रक दिवस संपल्यावर अंदाजाने भरण्याची खोड ज्यांना असेल, त्यांनी येथे क्षणभर थांबण्यास हरकत नाही.

दावा मान्य झाल्यास औषधोपचाराचा अन्यत्र न मिळालेला खर्च, पुढे लागणारा खर्च, बुडालेली कमाई आणि सोसलेल्या यातनांबद्दल रक्कम मिळते. यातनांबद्दलच्या रकमेला अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे, आणि १९८६ पासून ती वाढलेली नाही. महागाई कितीतरी पटीने वाढली तरी हा आकडा तसाच आहे, ही या योजनेवरील एक रास्त टीका होय. दुखणे किती महिने टिकले, सांध्यात किती वेळा औषध टोचावे लागले, शस्त्रक्रिया झाली काय, उपचारांत मोठा खंड पडला काय, यांवरून रक्कम ठरते. वकिलाची फी अर्जदाराच्या भरपाईतून कापली जात नाही, ती वेगळी दिली जाते. आणि अर्ज प्रामाणिक व सयुक्तिक असेल तर दावा हरला तरी ती दिली जाऊ शकते. गरीब माणसाला वकील मिळण्याचे हेच खरे कारण. मात्र घाईने निकाल लागतो असे नाही. खांद्याच्या अर्जांची संख्या इतकी वाढली की, २०१४ मध्ये अशा सरळ प्रकरणांसाठी न्यायालयात एक स्वतंत्र विभाग काढावा लागला, आणि तरीही दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. निकाल मान्य नसल्यास तो नाकारून सामान्य न्यायालयात जाण्याची वाट अर्जदाराला खुली राहते. प्रथम या योजनेतून गेल्यावाचून मात्र कारखानदारावर किंवा टोचणाऱ्यावर भरपाईचा दावा लावता येत नाही.

मध्यंतरी ही वाट बंद होण्याच्या बेतात होती. २०२० च्या जुलैमध्ये तेथील आरोग्य खात्याने खांद्याची इजा कोष्टकातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. खात्याचे म्हणणे असे की, ही इजा लशीमुळे नव्हे तर टोचण्याच्या चुकीमुळे होते. तेव्हा लशीच्या निधीने तिचा भार का सोसावा? ज्याने चूक केली त्याने भरून द्यावे. वरवर पाहता हे म्हणणे न्याय्य वाटते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्याचा परिणाम काय झाला असता? अर्जदाराला परिचारिकेवर किंवा औषधनिर्मात्यावर दिवाणी दावा लावून तिचा दोष सिद्ध करावा लागला असता. पगारावर जगणाऱ्या परिचारिका न्यायालयात खेचल्या गेल्या असत्या. आणि देशभर लस टोचण्याची मोहीम उभारावयाची असताना नेमके टोचणारे हात मागे सरले असते. २१ जानेवारी २०२१ रोजी वगळण्याचा नियम प्रसिद्ध झाला, परंतु तो अमलात येण्यापूर्वीच, २२ एप्रिल २०२१ रोजी, नव्या सरकारने तो रद्द केला. निर्णय शहाणपणाचा होता. ज्या व्यवस्थेत चूक कबूल करणाऱ्याला तुरुंग किंवा दिवाळे दिसते, त्या व्यवस्थेत चुका कमी होत नाहीत, फक्त लपतात. शाळेत दौत कोणी सांडली हे विचारणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला याचा अनुभव असतो.

अमेरिकेतील या भरपाईचे आकडे कोणी गावात आणून "पाहा, लशीमुळे एवढ्यांना इजा झाली" असे सांगू लागला, तर शिक्षकाला त्याचे उत्तर ठाऊक असावे. १९८८ पासून या योजनेखाली पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वाटली गेली, हे खरे. परंतु याच योजनेच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे, २००६ नंतर वाटल्या गेलेल्या लशींचा हिशेब धरता दर दहा लाख मात्रांमागे सुमारे एका व्यक्तीला भरपाई मिळाली आहे. शिवाय भरपाई मिळालेल्यांपैकी सुमारे साठ टक्के प्रकरणे तडजोडीने मिटलेली असून, त्यांत लशीमुळेच इजा झाली असा निष्कर्ष खात्याने काढलेला नाही. एवढे सांगून झाल्यावर दुसरी बाजूही त्याच प्रामाणिकपणे सांगावी. दहा लाखांतील तो एक माणूस कल्पित नाही, त्याचा खांदा खरोखर दुखतो, आणि त्याला खोटे ठरविल्याने लशीवरचा विश्वास वाढत नाही. ज्याचे दुखणे ऐकून घेतले जात नाही, त्याच्या घरातले पुढचे मूल लशीला येत नाही, हे गावात राहणारा शिक्षक आकड्यांवाचूनही जाणतो. कोविडच्या लशीच्या बाबतीत अमेरिकेतच हा धडा दुसऱ्या रीतीने मिळाला. ती लस या योजनेत न घालता आणीबाणीच्या एका निराळ्या योजनेखाली ठेवली गेली. तिच्यात अर्जाची मुदत लस घेतल्यापासून अवघी एक वर्ष, यातनांबद्दल काही नाही, वकिलाची फी नाही. एका माणसाचा तोच खांदा, तीच सुई, पण लस इन्फ्लुएन्झाची की कोविडची यावर त्याचा हक्क ठरला. त्याबद्दल तेथे पुष्कळ असंतोष झाला.

हा कायदा आपल्या देशास लागू नाही, हे उघड आहे. आपल्याकडे खासगी दवाखान्यात पैसे देऊन घेतलेल्या लशीबाबत तक्रार असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याखाली दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. परंतु तेथे सेवेतील त्रुटी किंवा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. जेथे सर्वांनाच सेवा विनामूल्य दिली जाते अशा शासकीय दवाखान्यातील सेवेला ग्राहक कायदा लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले आहे. शाळेत टोचली जाणारी लस याच प्रकारातील होय. तेव्हा आपल्या गावापुरते बोलावयाचे तर, इजा टाळणे आणि झालीच तर तिची वेळेवर नोंद करणे, या दोन गोष्टींना अधिकच महत्त्व येते.

नोंदीची व्यवस्था आपल्याकडे आहे. लस टोचल्यानंतर उद्भवणारी कोणतीही अनिष्ट घटना आरोग्यसेविकेने वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावयाची असते. तेथून ती जिल्हा पातळीवर जाते, आणि गंभीर प्रकरणाचा विचार समिती करते. घटनेचे कारण लशीचा गुणधर्म, लशीतील दोष, लस देण्यातील चूक, भीती, अथवा निव्वळ योगायोग, यांपैकी कोणते हे ठरविले जाते. खांद्याची इजा यांतील तिसऱ्या वर्गात पडते. परंतु कळविल्यावाचून समितीला ती दिसणार कशी? दुखणारा खांदा मरणाइतका भयंकर नसल्याने तो कोणी कळवीत नाही, आणि कळविला जात नाही म्हणून तो अस्तित्वातच नाही असे वाटते.

शाळेत पाच ते सहा वर्षांच्या मुलांना त्रिगुणी लशीची वर्धक मात्रा आणि दहा व सोळा वर्षांच्या मुलांना धनुर्वात व घटसर्प यांची टीडी लस दंडाच्या स्नायूत दिली जाते. २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या मोहिमेत शाळाशाळांतून दिलेली गोवर-रुबेलाची लस कातडीखाली द्यावयाची होती, तिची गोष्ट वेगळी. मुलांत खांद्याची ही इजा विरळा आढळते. ती मुख्यतः प्रौढांची आहे. म्हणून शिक्षकाने स्वतःच्या दंडाचाही विचार करावा. लस घेताना संकोचाने गळपट्टी ओढून अर्धा खांदा पुढे करण्याची पद्धत विशेषतः शिक्षिकांत दिसते. त्यासाठी आडोसा हवा असेल तर तो मागावा, पण दंड पूर्ण उघडा असावा. तंग बाहीचे कपडे त्या दिवशी टाळावे, अशी सूचना मुलांच्या घरी आदल्या दिवशी पाठविता येते.

खोलीत एक नव्हे, दोन खुर्च्या ठेवाव्या. परिचारिकेला उभ्याने काम करण्याची सवय असली तरी खुर्ची समोर असली की ती बसते. वरच्या वर्गांतील मुलाच्या शेजारी बाकही चालेल, पण दोघांची उंची जुळावी. रांग खोलीच्या बाहेर असावी. आत एका वेळी दोनच मुले असली म्हणजे टोचणाऱ्या हाताची घाई निम्मी होते. टोचून झाल्यावर अर्धा तास मुले शाळेतच थांबवावयाची असतात, तेव्हा पुढील नोंद करण्यास सवड मिळते.

शाळेच्या यादीत मुलाच्या नावापुढे केवळ खूण न करता तारीख, लशीचे नाव, आणि डावा की उजवा दंड, हे टोचल्या क्षणी लिहावे. आधी भरून ठेवू नये. कुपीवरील गट क्रमांक परिचारिकेकडून विचारून यादीच्या माथ्यावर लिहावा. तिसऱ्या दिवशी हजेरी घेताना कोणाचा हात अजून दुखतो, हे विचारावे आणि ज्याने हात वर करण्यास दुसऱ्या हाताचा आधार घेतला असेल त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत दुखणे कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी सुरू झाले हे मुलाच्या किंवा पालकाच्या शब्दांत लिहावे. चिठ्ठीची एक प्रत शाळेच्या दप्तरात राहू द्यावी.